मनाचा तोल सांभाळणारं मीठ

लिथियम म्हटलं की आता मोबाईलची बॅटरी आठवते. पण हेच लिथियम गोळीच्या रूपात गेली पंचाहत्तर वर्षं जगभरातल्या कितीतरी घरांना सावरत आलं आहे, हे आपल्यापैकी थोड्याच जणींना ठाऊक असेल. या आजारात माणूस काही आठवडे झोपत नाही, अखंड बोलतो, उधारीवर वाटेल ते विकत घेतो, स्वतःला राजा समजतो. आणि मग काही आठवडे किंवा महिने अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, जगणंच नको म्हणतो. डॉक्टर या आजाराला 'बायपोलर' म्हणतात, मराठीत द्विध्रुवीय विकार. एक टोक उन्मादाचं, दुसरं नैराश्याचं. या आजारावर लिथियमचा उपयोग होतो हे जगाला दाखवणाऱ्या डॉक्टर जॉन केड यांची गोष्ट आज सांगायची आहे.

हे डॉक्टर आपल्याकडचे नव्हेत, ऑस्ट्रेलियाचे. मग मानवतला बसून त्यांची गोष्ट का सांगायची? बचत गटाच्या कामासाठी मी खेड्यापाड्यांत फिरते. असा माणूस असलेली दोन-चार घरं तरी दर गावात भेटतात. त्याला 'बाहेरचं वारं लागलंय', तिच्या 'अंगात येतं', त्याच्यावर 'कुणीतरी केलंय' असं दबक्या आवाजात सांगतात. अंगारा होतो, देवऋषी होतो, कोंबडं होतं. आमच्या मानवतने अंधश्रद्धेची किंमत १९७२ ते ७४ या काळात मोजलेली आहे. त्या खुनांचा विषय निघाला की जुनी माणसं आजही गप्प होतात. म्हणूनच मन बिघडणं ही करणी नाही, तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे, हे स्वतःच्या कामातून दाखवणाऱ्या माणसाची ओळख आपल्याला असायला हवी, असं मला वाटतं.

जॉन केड यांचा जन्म १८ जानेवारी १९१२ चा. गाव मुर्टोआ. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातलं, गहू पिकवणाऱ्या भागातलं हे लहानसं गाव. वडील गावातच डॉक्टरकी करत. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर गेले आणि परत आले ते थकून, खचून. गावातला दवाखाना पुन्हा चालवणं त्यांना जमेना. तो विकून त्यांनी सरकारी मनोरुग्णालयात नोकरी धरली. त्या काळी अशा डॉक्टरांचं कुटुंब रुग्णालयाच्या आवारातच राहायचं. त्यामुळे लहानग्या जॉनचं बालपण मनोरुग्णांच्या सहवासात गेलं. ज्यांना लोक वेडे म्हणून लांब ठेवतात, ती माणसं त्याला रोज अंगणात दिसायची. त्याला त्यांची भीती वाटली नाही. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी इथंच पडलं असावं.

मेलबर्न विद्यापीठातून १९३४ साली ते डॉक्टर झाले. मुलांच्या रुग्णालयात काम करताना त्यांना दोन्ही फुप्फुसांचा न्यूमोनिया झाला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, ते मरता मरता वाचले. त्या आजारपणात जीन नावाच्या एका परिचारिकेशी त्यांची ओळख झाली आणि १९३७ साली दोघांचं लग्न झालं. एव्हाना जॉन वडिलांच्याच वाटेने मानसोपचाराकडे वळले होते.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. जॉन सैन्याच्या वैद्यकीय पथकातून सिंगापूरला गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि हजारो सैनिकांबरोबर तेही चांगीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत अडकले. साडेतीन वर्षं! इकडे जीन लहान मुलांना घेऊन वाट बघत राहिली. त्या छावणीत पोटभर अन्न नव्हतं, औषधं नव्हती. जीवनसत्त्वं न मिळाल्याने माणसांची शरीरं झिजत होतीच, पण डोकीही बिघडत होती. मनाचा आजार निव्वळ मनाचा नसतो, त्याचं मूळ शरीरातही असू शकतं, हा विचार तिथे त्यांच्या मनात घट्ट झाला.

१९४५ साली ते घरी परतले आणि मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. आता त्यांना आपला विचार तपासून बघायचा होता. थायरॉइडचं उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. हा आजार आपल्या बायकांना चांगलाच परिचयाचा. ग्रंथीचा रस जास्त झाला तर माणूस अस्वस्थ होतो, हात कापतात, झोप उडते. कमी झाला तर सुस्ती येते, मन उदास होतं. केड म्हणाले, उन्मादाचंही असंच असेल का? शरीरात काहीतरी जास्त होत असेल आणि ते लघवीतून बाहेर पडत असेल का?

त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पैसा नव्हता, मदतनीस नव्हते. रुग्णालयातलं वापरात नसलेलं एक जुनं स्वयंपाकघर त्यांनी प्रयोगासाठी घेतलं. रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवत, असं सांगतात. दूध-भाज्यांशेजारी त्या बाटल्या! जीनबाईंचं काय झालं असेल, ते आपणच समजून घ्यायचं. गिनीपिग नावाच्या छोट्या प्राण्यांना त्यांनी ही लघवी टोचून पाहिली. तिच्यातला युरिक ॲसिड हा पदार्थ काय करतो ते बघायचं होतं, पण तो पाण्यात नीट विरघळेना. म्हणून त्यांनी लिथियमबरोबर होणारा त्याचा क्षार वापरला, कारण तो सहज विरघळतो. आणि झालं भलतंच! गिनीपिगना त्रास वाढण्याऐवजी कमी झाला. मग नुसतं लिथियम कार्बोनेट देऊन पाहिलं, तर एरवी सतत घाबरलेले ते प्राणी तास-दोन तास शांत पडून राहिले. उताणे केले तरी धडपड करेनात.

आज शास्त्रज्ञ म्हणतात की ते प्राणी शांत झाले नव्हते, डोस जास्त झाल्याने गुंगले असावेत. म्हणजे ज्या विचाराने केड निघाले तो बरोबर नव्हता आणि प्रयोगाचा अर्थही पुरता बरोबर नव्हता. पण जे समोर दिसलं ते त्यांनी दुर्लक्षून सोडून दिलं नाही. त्यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं. स्वतःला काही होत नाही हे बघितलं, मगच रुग्णाला दिलं.

तो पहिला रुग्ण ५१ वर्षांचा होता. पाच वर्षं अखंड उन्मादात. अस्वच्छ, सतत बडबड करणारा, कुणाचंही न ऐकणारा. तो कधी बरा होऊन घरी जाईल अशी आशाच कुणाला उरली नव्हती. २९ मार्च १९४८ रोजी त्याला लिथियम सुरू झालं. काही दिवसांत तो निवळू लागला. ९ जुलैला तो घरी गेला आणि आपल्या जुन्या कामावर रुजूही झाला. पाच वर्षांनी! केड यांनी उन्मादाच्या आणखी नऊ रुग्णांना हे औषध दिलं. ३ सप्टेंबर १९४९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला.

योगायोग म्हणजे त्याच १९४९ साली आपल्या मुंबईतले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा उपयोग ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. पुढे सर्पगंधेतून काढलेलं रिसर्पिन काही वर्षं मनोरुग्णांसाठीही वापरलं गेलं. एकाने दगडातलं औषध शोधलं, एकाने मुळीतलं.

पण केड यांची गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही, आणि आपल्यासाठी खरी महत्त्वाची गोष्ट इथूनच सुरू होते.

घरी गेलेल्या त्या पहिल्या रुग्णाला बरं वाटू लागलं. बरं वाटू लागल्यावर त्याने गोळ्या घेणं सोडून दिलं. जानेवारी १९४९ मध्ये तो पुन्हा तसाच उन्मादात रुग्णालयात आला. परत औषध, परत सुधारणा, परत चढउतार. आणि २३ मे १९५० रोजी तो वारला. आजाराने नव्हे, शरीरात लिथियमचं प्रमाण जास्त झाल्याने. त्या वेळी रक्तात किती लिथियम आहे हे मोजायची सोय केड यांच्या रुग्णालयात नव्हती. अमेरिकेतही १९४९ साली मिठाऐवजी लिथियमचा क्षार खाणाऱ्या हृदयरोग्यांपैकी काही जण दगावले होते. केड यांनी आपल्या रुग्णालयात लिथियम बंद केलं. ज्या औषधाने त्यांचं नाव होणार होतं, तेच त्यांनी आपल्या हाताने थांबवलं.

पुढचं काम दुसऱ्यांनी केलं. मेलबर्नमध्येच एडवर्ड ट्रॉटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातलं लिथियम मोजायला सुरुवात केली आणि किती असावं याचा अंदाज बांधला. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शू या डॉक्टरांनी १९५४ साली शिस्तीने चाचण्या केल्या. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य यायचं, ते लिथियमने थांबलं. औषध नुसतं उतारा म्हणून नाही, तर पुन्हा झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायचं असतं, हे शू यांनी दाखवून दिलं. तरी अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० साल उजाडलं. एक तर विषबाधेची भीती होती. दुसरं, जमिनीत सापडणाऱ्या स्वस्त क्षाराचं पेटंट कुणाला घेता येत नाही, मग कंपन्या कशाला धावतील? आपल्याकडे मात्र ही ३०० मिलिग्रॅमची गोळी देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ती महाग नाही.

आता हा क्षार डोक्यात जाऊन करतो तरी काय? केड यांना हे कळायचं साधनच नव्हतं. हे कोडं आजही पूर्ण सुटलेलं नाही, पण बराच उलगडा झाला आहे.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचं एक पुस्तक असतं. ते पाककृतींचं पुस्तक समजा. पुस्तक सगळीकडे तेच, पण कोणत्या घरात काय शिजतं ते वेगळं. मेंदूची पेशी काही पानं उघडते, काही मिटून ठेवते. कोणतं पान किती वेळा उघडलं जातं, याला म्हणायचं जनुकांचं काम. लिथियम या पुस्तकातलं एकही अक्षर बदलत नाही. पानं कोणती उघडायची, यावर मात्र त्याचा परिणाम होतो.

१९९६ साली शास्त्रज्ञांना दिसलं की पेशीत 'जीएसके-३' नावाचं एक एन्झाइम असतं आणि लिथियम त्याला लगाम घालतं. हे एन्झाइम म्हणजे पेशीतला मुकादम. त्याच्या हाताखाली पुष्कळ कामं चालतात, जनुकांची पानं उघडण्या-मिटण्याची सुद्धा. मुकादमाचा हात आवरला की पेशीतला कारभार हळूहळू बदलतो. मेंदूच्या पेशींना पोसणारं 'बीडीएनएफ' नावाचं प्रथिन आणि पेशींना मरण्यापासून वाचवणारं 'बीसीएल-२' हे प्रथिन, यांचं प्रमाण लिथियम दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूत वाढलेलं आढळलं आहे.

हे सगळं एका रात्रीत होत नाही. डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात काम करते. इथे मात्र पेशींचा कारभारच सावकाश बदलायचा असतो, म्हणून दिवस, आठवडे लागतात. 'आठ दिवस गोळी दिली, काही फरक नाही' म्हणून औषध टाकून देणारी घरं मी पाहिली आहेत. फरक पडायला त्याला वेळच दिलेला नसतो.

अजून एक गोष्ट. हे औषध सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. काहींना अगदी उत्तम, काहींना थोडं, काहींना नाहीच. २०१५ साली शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी तयार केल्या. बायपोलरच्या रुग्णांच्या पेशी गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होत्या. लिथियम घातल्यावर त्यातल्या काही शांत झाल्या. कुणाच्या? ज्यांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडलं होतं, फक्त त्यांच्याच! २०१६ साली निरनिराळ्या देशांतल्या २,५६३ रुग्णांची जनुकं तपासली गेली, तेव्हा एकविसाव्या गुणसूत्रावरच्या एका भागाचा या फरकाशी संबंध दिसला. म्हणजे एखादीला गोळी लागू पडली नाही, तर तो तिचा दोष नाही, तिच्या मनाचा कमकुवतपणा नाही. डॉक्टर तिला दुसरं औषध देऊ शकतात.

आणि ज्यात जनुकांचा वाटा आहे, त्यासाठी सासर-माहेरने एकमेकांना दोष का द्यावा? 'तुमच्या घराण्यातलंच आहे' म्हणून सुनेला माहेरी पाठवून दिलेलं मी पाहिलं आहे. आजाराचा कल घराण्यात असू शकतो हे खरं, पण अशा आई-वडिलांच्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही, हेही तितकंच खरं.

आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात एक तरुण सून बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी झोपेनाशी झाली. रात्रभर गाणी म्हणे, बाळाला देवाचा अवतार म्हणे. घरच्यांनी तिला बाधेसाठी दोन ठिकाणी नेलं. तिच्या चुलत सासूने हट्ट धरून तिला परभणीला डॉक्टरांकडे नेलं, म्हणून ती वाचली. आज तिचं लेकरू शाळेत जातं. बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे आठवडे फार नाजूक असतात. गरोदरपणात लिथियम घ्यावं की नाही, किती घ्यावं, हे डॉक्टर सोनोग्राफी आणि रक्त तपासून ठरवतात. दिवस राहिले की घाबरून आपल्या मनाने गोळी एकदम बंद करणं मात्र धोक्याचं. आधीच विचारून ठेवायचं. बाळाला अंगावर पाजायचं का, हेही डॉक्टरांनाच विचारायचं.

आता केड यांच्या त्या पहिल्या रुग्णाकडे पुन्हा बघू या. तो दोन कारणांनी हरला. बरं वाटलं म्हणून त्याने औषध सोडलं, आणि नंतर औषधाचं माप कुणाला कळलं नाही. आज पहिली गोष्ट आपल्या हातात आहे आणि दुसरीवर रक्ततपासणी आहे. रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १ या मापात ठेवतात, दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती. तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. म्हणजे रात्रीची गोळी घेतली की सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही डॉक्टर सांगतील तशी ठरावीक काळाने करायची.

आपल्या मराठवाड्याच्या बायकांनी एक गोष्ट तर पक्की ध्यानात ठेवावी. लिथियम आणि मीठ यांची मूत्रपिंडात गफलत होते. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ राखायला बघतं आणि त्याबरोबर लिथियमही अडवून धरतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं माप वाढतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. लग्नसराईत दिवसभर उन्हात, पाणी कमी, घाम जास्त. नवरात्राचे उपवास, निर्जळी एकादशी, रमजानचे रोजे, जुलाब-उलट्या या सगळ्यांत हाच धोका. घरात कुणाला बीपी निघालं म्हणून सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ एकदम काढून टाकलं, तरी हाच धोका. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्या आणि बीपीसाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, यांनीही माप वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना झोकांड्या, जीभ जड होणं असं काही दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठायचा. उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून. देव काही उपाशी राहायला सांगत नाही.

हे सगळं कोण बघणार? घरात पाणी भरून ठेवणारी, मीठ घालणारी, गोळीची वेळ लक्षात ठेवणारी आपणच ना! या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि नियमित लिथियमने तो कमी होतो, असं डॉक्टरांचा अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. म्हणजे ही गोळीची वेळ सांभाळणं हे किरकोळ काम नाही.

केड १९५२ साली मेलबर्नच्या रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९७७ पर्यंत तिथेच राहिले. लिथियम जगाने स्वीकारलं तसं त्यांचं नावही मोठं झालं. १९७४ साली त्यांना आणि शू यांना मिळून मोठा पुरस्कार मिळाला, १९७६ साली देशाने सन्मान दिला. १६ नोव्हेंबर १९८० रोजी ते वारले. अडगळीच्या स्वयंपाकघरात त्यांनी जे सुरू केलं, ते तपासून सुरक्षित करायला पुढे अनेक देशांतल्या माणसांचे हात लागले.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारी, भावकीत असं कुणी असेल तर लाजू नका, लपवू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. जाणं लगेच जमत नसेल तर १४४१६ या 'टेलि-मानस'च्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. आणि जिच्या घरी गोळी आधीच सुरू आहे, तिने आज एवढंच करावं : शेवटची रक्ततपासणी कधी झाली, ती चिठ्ठी शोधून काढावी आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.